"समजलं ना मावशी?" – सुट्टीच्या वेळचं सांगणं कोणाच्या कामात मोजायचं?

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४०

मी १४ वर्षं अधिपरिचारिका आहे, त्यातली ९ एका ग्रामीण रुग्णालयात. गावाचं नाव सांगत नाही. पैनगंगेच्या अलीकडे, एवढं पुरे.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पन्नाशीच्या एक मावशी पायाच्या जखमेसाठी भरती झाल्या, शुगर चारशेच्या वर. आठवडाभर राहिल्या, इन्सुलिन सुरू झालं. सुट्टी झाली त्या दुपारी वॉर्डात मीच होते. मुलगा बारावी झालेला, चुणचुणीत. सिरिंज कशी भरायची, हवेचा बुडबुडा कसा काढायचा, पोटावर जागा बदलून कशी टोचायची, सगळं दाखवलं. एकदा त्याच्या हातून करूनही घेतलं. कार्डावर साहेबांनी लिहिलेलं : सकाळी २० युनिट, संध्याकाळी १२. "समजलं ना मावशी?" "हो बाई." पोरानंही मान हलवली. मी पुढच्या खाटेकडे वळले.

१९ दिवसांनी रात्री अडीचला जीप आली. मावशी घामानं चिंब, हाक मारली तर नुसतं घुमणं. घरच्यांना वाटलं अंगात आलं, म्हणून आधी शेजारच्या गावी भगताकडे नेलं होतं. त्यात दोन तास गेले. शुगर ३१. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, गेलं तेव्हा कुठं डोळे उघडले. वाचल्या.

सकाळी मुलानं पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. आमच्याकडची बाटली संपली, आमच्या औषधखोलीत तेव्हा साठा नव्हता, म्हणून त्यानं तालुक्याच्या एका मेडिकलमधून आणलं. तिथं मिळालं ते इन्सुलिनच्या पेनात बसवायचं कार्ट्रिज, औषध भरलेली लहान नळी. पेन महाग, म्हणून त्यानं कार्ट्रिजमधूनच आमच्या जुन्या सिरिंजनं औषध ओढलं. आता पाहा. सरकारी बाटलीत १ मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. कार्ट्रिजमध्ये १ मिलिलिटरला १०० युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजवर १२ ची रेघ म्हणजे ०.३ मिलि. त्या ०.३ मिलिमध्ये १०० वाल्या औषधाचे ३० युनिट येतात. अडीच पट. पोरगा रोज रेघ बरोबर मोजत होता आणि कार्ट्रिज आणल्यापासून रोज आईला अडीच पट देत होता.

त्यानं काहीच चुकवलं नाही. मी दाखवलं तसंच्या तसं केलं. मी एक वाक्य बोलले नव्हते : बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का ते बघ.

तेव्हापासून झोपेत सुद्धा लाल टोपण दिसतं. मला विचारायचंय ते हे. ते वाक्य बोलणं मला बंधनकारक होतं, की माझ्या चांगुलपणावर सोडलेलं होतं? आमचं रुग्णालय ३० खाटांचं, त्या दिवशी खाली गाद्या टाकून ४१ जण होते आणि पाळीला मी एकटी. सलाईन किती लावल्या, सुया किती लागल्या, याला रजिस्टरात रकाना आहे. कोणाला काय समजावलं याला नाही.

सावजी_रस्सा | सोमवार, रात्री ११:५८

ताई, वाचून अंगावर काटा आला. उठून फ्रिज उघडला. सासऱ्यांची बाटली १०० ची, सिरिंजचं टोपण नारिंगी. नारिंगी म्हणजे १०० चीच न? जुळते बाप्पा. तीन वर्षांपासून टोचून राहिलो, टोपणाले रंग असते हे आज समजलं.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:०४

हो दादा, नारिंगी १०० ची. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, सिरिंजवर छापलेला आकडा वाचा. आणि बाटली बदलली की पुन्हा वाचा.

गोळीवाला | मंगळवार, सकाळी ९:१५

माझं मेडिकल आहे, तालुक्यालाच. आधी कबूल करतो, त्या मेडिकलवाल्याची चूक सिस्टरच्या चुकीपेक्षा मोठी आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये औषध देताना फार्मासिस्टनं रुग्णाला समजावून सांगावं असं साफ लिहिलंय. सिरिंज कोणती वापरता, हे त्यानं विचारायलाच हवं होतं. पण काउंटरला उभा कोण असतो ते सगळ्यांना माहीत आहे. सर्टिफिकेट भिंतीवर, माणूस भलतीकडे. मी स्वतः बसतो, तरी सोमवारच्या बाजारात गर्दी झाली की माझ्याही तोंडून "दिवसातून दोनदा" याच्या पुढं काही निघत नाही.

कोर्टाची_पायरी | मंगळवार, दुपारी १:३०

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर : बंधनकारक होतं. कोणत्या कलमाखाली म्हणाल तर मात्र जरा फिरून यावं लागेल.

अमेरिकेत अनेक राज्यांच्या नर्सिंग कायद्यांत रुग्णाला शिकवणं हे परिचारिकेच्या कामाच्या व्याख्येतच बसवलंय. तिथं ही गोष्ट न्यायालयांतून वाढत आली. १९१४ मध्ये न्यूयॉर्कला न्यायमूर्ती कार्डोझो म्हणाले की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या शरीराचं काय करायचं ते त्यानंच ठरवायचं. १९५७ च्या साल्गो खटल्यात 'माहितीपूर्ण संमती' हे शब्द आले. १९७३ मध्ये तिथल्या हॉस्पिटल असोसिएशननं रुग्णहक्कांची सनद काढली. न समजता दिलेला होकार हा होकार नव्हे, एवढं त्यातून पक्कं झालं. आणि समजावणार कोण, तर २४ तास खाटेजवळ असते ती.

आपल्याकडं टेकू म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. दुर्बिणीतून तपासणीसाठी बाई भूल घेऊन टेबलावर, बाहेर आईची सही घेतली आणि गर्भाशय काढलं. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही आणि सज्ञान बाईच्या वतीनं आईची सही चालत नाही, जीव धोक्यात नसताना तर नाहीच. उपचार काय, कशासाठी, फायदा-धोका काय, दुसरे पर्याय कोणते, नाही केलं तर काय होईल, हे पुरेसं सांगितलंच पाहिजे.

याच निकालात एक बोचणारी जागा आहे. अमेरिकेची कडक कसोटी आपण घेत नाही, असं न्यायालयानं म्हटलं, आणि कारणांत इथली गरिबी, सरकारी दवाखान्यांतली गर्दी, मिळेल तो उपचार उपकार मानणारा रुग्ण हेही आलं. म्हणजे ताईंच्या वॉर्डातल्या खाली टाकलेल्या गाद्या थेट कायद्याच्या कसोटीत येऊन बसल्या. मला हे पटत नाही, पण कायदा आज तो आहे.

दुसरी गोष्ट. १९९५ च्या शांता खटल्यानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, पण सगळ्यांना फुकट सेवा देणारी रुग्णालयं वगळली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. चांगलंच झालं. पण मावशींना तुमच्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाची वाट अवघड. दिवाणी दावा किंवा घटनेच्या कलम २१ वर (जगण्याचा हक्क) उच्च न्यायालय, म्हणजे नागपूरची खेप. मेडिकलवाल्याविरुद्ध मात्र ग्राहक आयोग उघडा आहे, तिथं पैसे मोजलेत.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत पहिलाच हक्क माहितीचा आहे. केंद्रानं २०१९ मध्ये ती राज्यांकडे पाठवली, आणि २०२१ च्या नियमांनी महाराष्ट्रात खासगी नर्सिंग होमना सनद भिंतीवर लावावी लागते. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानं तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन सक्तीचं केलं. म्हणजे शिकवणं कायद्यात लिहिता येतं. मधुमेहाला कोणी लिहिलं नाही, एवढंच.

फुकटचा सल्ला : कोर्टात तोंडी शिकवण टिकत नाही. काय सांगितलं, कोणाला, तारीख-वेळ, आणि नातेवाइकाचा अंगठा. चार ओळी. उद्या कोणी विचारलं तर त्याच तुमच्या बाजूनं बोलतील.

पऱ्हाटी | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

सिस्टर, राग मानू नका. आमी 'हो' काऊन म्हणतो ते सांगतो.

सुट्टी भेटते दुपारी. आमच्या गावाले जाणारी शेवटची लाल गाडी साडेचारची. कागद होईस्तोवर चार वाजते. तवा तुमी सांगून राहिले असता, अन् माह्या डोक्यात स्टँड. गाडी सुटली तं ऑटोवाला तीनशे घेते. वावरात सोयाबीन सोंगून पडलं असते, ढग येऊन राहिले असते. त्या टायमाले तुमी मले शेत नावावर करून देतो म्हणान तरी मी 'हो समजलं' म्हणून निंगून जाईन.

दुसरं. 'समजलं का' असं इचारल्यावर 'नाही' म्हणाची हिंमत कोणाची? एकडाव माह्या बापानं म्हटलं, नाही समजलं साहेब. साहेब डोळे वटारून म्हणे, शाळा शिकला का नाही? बाप आजवर दवाखान्यात नाही बोलला.

अन् वकीलसाहेब, अंगठा तं आमी सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर बी देतो. वाचून देतो का?

कोर्टाची_पायरी | मंगळवार, रात्री ८:१०

भाऊ, मुद्दा मान्य. पण कागद नसेल तर ताईंची नोकरी जाते, तुमचं काही जात नाही.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:२०

वकीलसाहेब, इथंच अडते मी. भरतीला अंगठा, सलाईनला संमती, रक्त लावायला संमती, रेफरला अंगठा. आता शिकवल्याचाही अंगठा घेतला की माझी सुटका झाली, मावशींची कुठं झाली? त्या दिवशी अंगठा घेतला असता तर कागद माझ्या बाजूनं बोलला असता आणि शुगर तरी ३१ च झाली असती.

लिहायला माझी ना नाही. पण काय लिहायचं? 'समजावले' हा शब्द मी हजार वेळा लिहिलाय. तो माझ्या तोंडाबद्दल आहे. त्यांच्या डोक्यात काय गेलं याबद्दल एक अक्षर नाही.

जुनी_मेट्रन | बुधवार, सकाळी ६:३०

मी नागपुरात शिकले, अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. आमच्या वेळी प्रत्येक मुलीला 'हेल्थ टॉक' द्यावा लागे. फ्लॅनेलग्राफवर चित्रं चिकटवायची, फ्लॅशकार्डं धरायची, सहा बायका बाकावर बसवायच्या आणि मागे ट्यूटर गुण द्यायला. आवाजाला गुण, चित्रांना गुण, साडीच्या निऱ्यांनाही बहुतेक असावेत. बाकावरच्या बायकांना काय कळलं, याला गुण नव्हते. आजही मुली तसेच चार्ट रंगवताना दिसतात.

बाळ, तुझ्या प्रश्नात 'बंधनकारक की चांगुलपणा' अशी जी जोडी आहे ना, तिच्यात मला एक तिसरी गोष्ट दिसते. एक म्हातारे होते, खर्रा खाऊन खाऊन तोंड उघडेना, आत गाठ. तपासणीचा कागद आला. मुलं बाहेर हात जोडून उभी : बाबांना सांगू नका, खचतील. डॉक्टर म्हणाले, बरं. मला म्हणाले, तुम्हीही काही बोलू नका. आपल्याकडं हे रोजचं आहे, आणि मुलं वाईट नसतात, घाबरलेली असतात.

रात्री मी तापमान घ्यायला गेले तर म्हातारे जागे. म्हणाले, "सिस्टर, कापूस निघेस्तोवर आहे का मी?"

आता सांगा. आजाराचं नाव सांगणं माझ्या अखत्यारीत नव्हतं, तो डॉक्टरांचा भाग. खोटं बोलणं कोणाच्याच अखत्यारीत नव्हतं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासूनची आहे, आम्ही पाठ केली होती, पण त्या क्षणी पाठांतर आठवत नाही. मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, बाबा, तुम्हाला किती माहिती हवी आहे? ते म्हणाले, वाटणी करायची आहे, तेवढी. सकाळी राउंडला मी डॉक्टरांना मुलांच्या देखत सांगितलं की रुग्णानं स्वतः विचारलंय. डॉक्टर चिडले माझ्यावर. मग बसले त्यांच्याजवळ, अर्धा तास. पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही, त्या घरातलं आहे ते.

एवढंच म्हणते, माहिती त्या म्हाताऱ्याची होती. आमच्याकडे ती ठेवायला दिलेली होती. इन्सुलिनचा आकडाही तसाच मावशींचा.

सावजी_रस्सा | बुधवार, सकाळी ९:०२

मेट्रनबाई, दंडवत. पण एक शंका. नर्सनं सांगितलं अन् डॉक्टर म्हणे तू काऊन सांगितलं, तं?

जुनी_मेट्रन | बुधवार, सकाळी ९:४०

निदान, ऑपरेशनचे धोके, पर्याय : डॉक्टरांनी सांगायचं. संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून सही करताना रुग्णाला खरंच कळलं का ते बघायचं आणि नसेल तर डॉक्टरांना परत बोलवायचं, हे आपलं. औषध कसं घ्यायचं, जखम, आहार, कोणतं लक्षण दिसलं की पळत यायचं, हेही आपलंच. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

खातेवही | बुधवार, दुपारी ३:१५

मी वर्ध्याला असतो, लोकांची खाती लिहितो, दोन दवाखान्यांचीही. सगळे नीती आणि कायद्यावर बोलले, मी पैशावर बोलतो.

मावशींच्या दुसऱ्या भरतीचा हिशेब मांडू. रात्रीची जीप, समजा १,२०० रुपये. भगताचा नारळ-कोंबडी धरत नाही. मुलगा आणि सोबतची एक बाई, तीन दिवस कामाविना. २०२५-२६ ची रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये, म्हणजे दोघांचे १,८७२. वेचणीच्या दिवसांत खरा तोटा जास्तच. खाणंपिणं, परतीचं भाडं. साडेतीन हजार तर सहज. उपचार मोफत असूनही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत २०२१-२२ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांच्या खिशातून गेला. २०१३-१४ ला तो ६४.२ होता, उतरलाय खरा. पण बुडालेली मजुरी त्या आकड्यात नाहीच.

समोरच्या पानावर ताईंची पाच मिनिटं. मग एवढा स्वस्त सौदा कोणी का करत नाही? कारण खर्च एकाच्या वहीत पडतो आणि बचत दुसऱ्याच्या. ताईंची पाच मिनिटं सरकारच्या वहीत, वाचलेले साडेतीन हजार मावशींच्या. खासगीत तर उलटंच. विमा योजनेत दर भरतीला ठरलेलं पॅकेज; रुग्ण परत आला तर दवाखान्याला दुसरं पॅकेज. शिकवून घरी पाठवणारा धंद्यात मागं पडतो.

अमेरिकेनं हे पैशानंच वळवलं. ऑक्टोबर २०१२ पासून तिथल्या मेडिकेअरनं (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यानं) हृदयविकाराचा झटका, हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाचे रुग्ण ३० दिवसांत प्रमाणाबाहेर परत आले तर रुग्णालयाचे पैसे कापायला सुरुवात केली. तेव्हापासून सुट्टीच्या वेळच्या शिकवणीकडे तिथले मॅनेजर लोकही लक्ष देऊ लागले.

आणि आपल्या विदर्भातलंच घ्या. गडचिरोलीत सर्च संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्यांनी आयांना शिकवलं. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आकडे आले : तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी, बाळामागं खर्च ५.३ डॉलर. (त्यात जंतुसंसर्गावर इंजेक्शनंही होती, नुसतं शिकवणं नव्हतं. हिशेबात खोट नको.)

जुनी_मेट्रन | बुधवार, दुपारी ४:००

हिशेब चांगला मांडलात. एक विचारते, उलटा निघाला असता तर? म्हणजे शिकवायला पाच हजार आणि परत भरतीला साडेतीन हजार. मग नाही शिकवायचं?

खातेवही | बुधवार, दुपारी ४:२५

शिकवायचं. पण मग तुम्हाला पद मंजूर करून घ्यायला नीती घेऊन मुंबईला जावं लागेल. मी आकडा देतोय तो त्या टेबलासाठी. तिथं दुसरं काही वाचलं जात नाही.

मेळघाटची_वाट | बुधवार, रात्री ९:३०

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, धारणीच्या बाजूला उपकेंद्रावर. खातेवहीदादांना एक जोड देते. आपल्याकडं शिकवण्याला पैसे मिळतात, एका ठिकाणी मिळतात. आशाताईला. दवाखान्यात बाळंतपण झालं की ती घरी सहा भेटी देते, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाला गुंडाळणं, अंगावर पाजणं, धोक्याची लक्षणं, हेच शिकवणं. सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये. भेटीला ४२ रुपयेही पडत नाहीत, पण रकाना आहे. रकाना आहे म्हणून मी दर महिन्याला विचारते, झाल्या का भेटी? स्टाफ नर्सच्या शिकवण्याबद्दल मला कोणी कधी विचारलेलं नाही.

आता भाषा. तुम्ही सगळे मराठीत समजावण्याबद्दल बोलताय. माझ्याकडं मराठीच परकी. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस आणि १४ दिवस झिंकची गोळी. सुरुवातीला मी मराठीत सांगायची, बाया मान हलवायच्या, तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळी बंद. मला राग यायचा, ऐकतच नाहीत म्हणून. मग एका आशाताईनं कोरकूत विचारून सांगितलं : म्याडम, त्यांचं म्हणणं आहे की जुलाब थांबला तर गोळी कशाची? बरोबरच होतं त्यांचं. १४ दिवस का, हे मी सांगितलंच नव्हतं. आता गोळ्यांच्या पत्त्यावर (स्ट्रिपवर) मार्करनं १४ गोळ्यांना गोल करते आणि आशाताई कोरकूत सांगते की ही गोळी पुढच्या जुलाबासाठी आहे. रिकामा पत्ता परत आणायचा. बऱ्याचशा आणतात.

मोफत औषध सगळ्यांना सारखं मिळतं. समजावणं ज्याची भाषा सिस्टरशी जुळते त्यालाच. याला न्याय म्हणायचं की नाही, ते मेट्रनबाईंनी सांगावं.

पऱ्हाटी | बुधवार, रात्री ९:५५

पत्ता परत आणाची आयडिया लय भारी.

गोळीवाला | गुरुवार, सकाळी १०:१०

मेळघाटताई, मी आजपासून इन्सुलिनला हेच करतो. जुनी बाटली आणि सिरिंज दाखवल्याशिवाय नवं देत नाही. दोन गिऱ्हाइकं भांडून गेली सकाळीच. जाऊ दे.

एक सांगायचं राहिलं, उन्हाळ्याचं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, पत्र्याच्या घरात आणखी वर. फ्रिज नसेल तर इन्सुलिन कुठं ठेवायचं हे कोणी सांगत नाही. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात कोरडी प्लास्टिकची डबी, डबीत बाटली, वर ओलं फडकं. सावलीत ठेवायचं, वाळू ओली ठेवायची. आणि पाण्यात बुडवायचं नाही. बर्फावर तर अजिबात नाही, गोठलं की वाया.

रात्रपाळी | रविवार, रात्री १०:५०

चार दिवस येता आलं नाही, दोन सर्पदंश आणि एक फवारणीवाला (औषधाची विषबाधा झालेला) होता. सगळं एका दमात वाचलं.

काय केलं ते सांगते. वैद्यकीय अधिकाऱ्यांना हा धागा दाखवला. आधी म्हणाले, इंटरनेटवर रुग्णालयाची धिंड कशाला? नाव नाही म्हटल्यावर वाचला. सुट्टीचा निर्णय सकाळच्या राउंडला दहालाच सांगायचा, हे त्यांनी मानलं. कागद व्हायचे तेव्हा होवोत, पण पऱ्हाटीदादांची साडेचारची गाडी आमच्या डोक्यात बसली आहे. शिकवणं आदल्या दिवशी सुरू होतं. इन्सुलिनवाल्याला मी टोचत नाही, तोच टोचतो, मी बघते.

"समजलं का" हे विचारणं मी बंद केलंय. सोपं नाही, तोंडातून निघतंच. आता म्हणते, "मावशी, घरी गेल्यावर सूनबाई विचारील, सिस्टरनं काय सांगितलं. तिला काय सांगाल?" पहिल्या दिवशी पाच जणांना विचारलं. चौघांनी जे सांगितलं ते मी सांगितलेलंच नव्हतं. एका आजोबांनी बीपीची गोळी "डोकं दुखलं की" घ्यायची असं सांगितलं. हे आजोबा माझ्या हातून याआधी दोनदा सुट्टी होऊन गेलेत.

वकीलसाहेब, लिहायलाही लागले. रकाना नाही तर नर्सेस नोट्समध्ये. 'समजावले' लिहीत नाही. रुग्णानं उलट काय सांगितलं ते त्याच्या शब्दांत लिहिते. "डोकं दुखलं की घेईन – पुन्हा सांगितले – रोज सकाळी, दुखो न दुखो." इन्चार्ज परिसेविका म्हणाल्या, हे काय कादंबरी लिहायला लागलीस? वेळेचं म्हणाल तर रुग्णामागं सात-आठ मिनिटं जातात, पाच नाही. ती कुठून येतात तर माझ्या जेवणातून आणि काही दुसऱ्या रुग्णांच्या वाट्यातून. नर्सिंग कौन्सिलचे निकष वाचले की हसू येतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागं एक परिचारिका, म्हणे. बदल्यांनंतर आमच्याकडं आणखी एक पद रिकामं झालंय. खातेवहीदादा, तुमचा हिशेब नीट एका पानावर लिहून द्याल का? जिल्ह्याच्या बैठकीला साहेब जाणार आहेत.

मावशी काल आल्या होत्या. पायाची जखम भरत आली आहे. बसल्या बसल्या पदराची गाठ सोडली, त्यात रिकामी बाटली. माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "वाच बाई, चाळीसच आहे ना?" मी वाचली. मग त्यांनी सिरिंज काढली आणि तीही वाचायला लावली.

खातेवही | रविवार, रात्री ११:१५

देतो. भाडं आणि मजुरी तुमच्याकडच्या आठ-दहा खऱ्या रुग्णांची घ्या, माझा 'समजा' तिथं चालणार नाही. नावं नकोत.

मेळघाटची_वाट | रविवार, रात्री ११:३०

रात्रपाळीताई, ४० आणि १०० चं चित्र काढलंत का? तुमच्याकडं कोलामी बोलणारेही असतील ना. चित्र पाठवा, मी कोरकूत करून घेते.

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:३४

काढलंय, वेडंवाकडं आहे. लाल खडू संपला होता, कुंकवानं रंगवलं. उद्या फोटो टाकते, आता पाळी बदलायची आहे.